भारतीय महिला फुटबॉल संघ: आशियात दोनदा उपविजेती ठरलेली टीम क्रमवारीतून गायब कशी झाली होती?

भारतीय फुटबॉल म्हटलं की सुनील छेत्री आठवतो, आयएसएल आठवते, मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल आठवतं. आता एक साधा प्रश्न. आशियाच्या सर्वात मोठ्या स्पर्धेत भारताचा पुरुष संघ किती वेळा उपविजेता झाला? एकदा, १९६४ मध्ये. आणि महिलांचा संघ? दोनदा.

पुढची गोष्ट त्याहून अजब आहे. आशियात दोनदा दुसरा आलेला हा संघ २००९ मध्ये फिफाच्या जागतिक क्रमवारीतून चक्क बाहेर काढला गेला. संघ फार सामने हरला होता असं नाही. तो सामनेच खेळत नव्हता.

भारतीय महिला संघाचा इतिहास वाचताना हीच एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. खेळायला मिळालं की हा संघ वर येतो आणि सामने थांबले की खाली जातो. हे नेमकं कसं घडत गेलं, ते पाहू.

संघ एका नजरेत

- टोपणनाव: ब्लू टायग्रेसेस
- आशियाई स्पर्धेत उपविजेतेपद: दोनदा (१९८० आणि १९८३)
- सॅफ महिला अजिंक्यपद: पाच वेळा (२०१०, २०१२, २०१४, २०१६, २०१९)
- दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धांत सुवर्ण: २०१०, २०१६, २०१९
- सर्वात मोठा विजय: भूतानवर १८-०, कॉक्स बझार, २०१०
- सर्वात मोठा पराभव: चीनकडून ०-१६, बँकॉक, १९९८
- फिफा क्रमवारीत सर्वोत्तम स्थान: ४९
- वरिष्ठ महिला वर्ल्ड कप: अजून एकदाही नाही

सुरुवात कुठून झाली?

१९७५ मध्ये महिला फुटबॉलसाठी 'विमेन्स फुटबॉल फेडरेशन ऑफ इंडिया' ही वेगळी संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी लखनौमध्ये पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा भरली. संघाचे पहिले प्रशिक्षक होते कोलकात्याचे सुशील भट्टाचार्य.

तेव्हा महिलांचा वर्ल्ड कप नव्हता. आशियात मात्र 'एशियन लेडीज फुटबॉल कॉन्फेडरेशन' नावाची संस्था स्पर्धा भरवत होती. १९८० च्या जानेवारीत ही स्पर्धा केरळमधल्या कालिकतला, म्हणजे आजच्या कोझिकोडला झाली. भारत फायनलपर्यंत गेला आणि चायनीज तैपेईकडून, म्हणजे तैवानकडून ०-२ असा हरला. १९८१ मध्ये हाँगकाँगला भारत तिसरा आला. १९८३ मध्ये बँकॉकला पुन्हा फायनल गाठली, तिथे यजमान थायलंडने ०-३ ने हरवलं.

म्हणजे चार वर्षांत तीन स्पर्धा आणि तिन्ही वेळा पहिल्या तिनात. त्या काळच्या संघात बंगालची शांती मल्लिक होती, गोव्याची योलांडा डिसोझा होती. १९८३ मध्ये शांती मल्लिकला अर्जुन पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार मिळवणारी ती पहिली महिला फुटबॉलपटू.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. तेव्हा स्पर्धेत फार देश नव्हते. चीन पहिल्यांदा उतरला १९८६ मध्ये आणि आल्या आल्या जिंकला. उत्तर कोरिया आणि दक्षिण कोरिया त्याच्याही नंतर आले. त्यामुळे 'तेव्हा आपण आशियात दुसरे होतो, आता का नाही?' असं सरळ विचारता येत नाही. विचारायचं ते हे: बाकीचे देश धावायला लागले, तेव्हा आपण कुठे होतो?

मग गाडी रुळावरून कुठे उतरली?

भारतात तेव्हा फुटबॉलच्या दोन संघटना होत्या. पुरुषांचं फुटबॉल पाहणारी आणि फिफाची मान्यता असलेली ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशन, म्हणजे एआयएफएफ. आणि महिलांचं फुटबॉल पाहणारी वेगळी संघटना. जगात मात्र वारं बदलत होतं. महिला फुटबॉल प्रत्येक देशाच्या मुख्य फेडरेशनखाली आलं पाहिजे, हा आग्रह वाढला आणि फिफाने १९९१ मध्ये चीनमध्ये पहिला महिला वर्ल्ड कप भरवला.

त्या वर्ल्ड कपसाठी आशियातून पात्र ठरायचा रस्ता होता १९९१ ची आशियाई स्पर्धा. ती जपानमधल्या फुकुओकाला झाली. जपान, चीन, तैवान, दोन्ही कोरिया, थायलंड, मलेशिया, सिंगापूर, हाँगकाँग हे सगळे तिथे होते. आठ वर्षांपूर्वी उपविजेता ठरलेला भारत नव्हता.

नव्वदीच्या सुरुवातीला एआयएफएफने महिला फुटबॉल आपल्याकडे घेतलं. कागदावर गोष्ट चांगली होती, पण मधली वर्षं वाया गेली होती. खेळाडूंची एक अख्खी पिढी आंतरराष्ट्रीय सामन्यांशिवाय निवृत्त झाली. नवीन पिढी मैदानात आली तेव्हा समोरचे देश खूप पुढे गेले होते.

तरीही कस संपलेला नव्हता. १९९७ च्या आशियाई स्पर्धेत भारताने हाँगकाँग आणि गुआमला हरवलं आणि जपानसारख्या संघाकडून फक्त ०-१ ने हार पत्करली. पुढच्याच वर्षी बँकॉकच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत चीनने याच देशाच्या संघाला १६ गोल मारले. एका वर्षाच्या अंतराने आलेले हे दोन निकाल आहेत. अधूनमधून एकत्र येऊन खेळणाऱ्या संघाचं असंच होतं. एक दिवस जीव तोडून लढता येतं, पण चीनसारख्या वर्षभर तयारी करणाऱ्या संघासमोर नव्वद मिनिटं टिकत नाहीत.

क्रमवारीतून बाहेर काढणं म्हणजे काय?

हे समजून घ्यायला फिफाची महिला क्रमवारी कशी चालते ते थोडक्यात पाहू. ही क्रमवारी २००३ पासून आहे. प्रत्येक संघाकडे ठरावीक गुण असतात. तुमच्यापेक्षा वरच्या संघाला हरवलंत तर जास्त गुण मिळतात, खालच्या संघाकडून हरलात तर जास्त गुण जातात. सामना किती महत्त्वाचा होता, किती फरकाने जिंकला, घरच्या मैदानावर होता की बाहेर, हेही धरलं जातं.

गुण मिळतात ते फक्त सामना खेळल्यावर. आणि तेव्हाचा नियम असा होता की १८ महिने एकही आंतरराष्ट्रीय सामना न खेळणाऱ्या संघाचं नाव यादीतून निघतं. २००९ मध्ये भारताचं तेच झालं.

यात नुसती मानहानी नाही. पात्रता फेरीचे गट पाडताना संघांची विभागणी बहुतेक वेळा क्रमवारीवरून होते. तुम्ही खाली असाल, तर गटात वरचे तगडे संघ येतात. मग मोठे पराभव होतात, गुण आणखी जातात. 'एवढ्या फरकाने हरणाऱ्या संघावर खर्च कशाला?' असं म्हणणाऱ्यांना आयता मुद्दा मिळतो. खर्च कमी म्हणजे सामने कमी. चक्र पूर्ण.

दक्षिण आशियातली दादागिरी

२०१० मध्ये हे चक्र थोडं तुटलं. ढाक्याच्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताने सुवर्ण जिंकलं. त्याच वर्षी सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाई फुटबॉल महासंघाने महिलांची स्पर्धा सुरू केली आणि भारताने पहिल्या पाचही स्पर्धा जिंकल्या. पाचपैकी चार फायनलमध्ये समोर नेपाळ होता. नेपाळी प्रेक्षकांच्या मनात भारताबद्दल काय भावना असतील, याची कल्पना करा!

ठरलेल्या स्पर्धा मिळाल्या आणि संघ क्रमवारीत परतला. याच काळात त्याने ४९ वं स्थानही गाठलं. पण सॅफ दोन वर्षांतून एकदा, तीही काही दिवसांची. मधला काळ बराचसा रिकामाच राहिला.

शेजारी मात्र शांत बसले नव्हते. २०२२ मध्ये सॅफच्या सेमीफायनलमध्ये नेपाळने भारताला १-० ने हरवलं. २०२४ मध्ये पुन्हा नेपाळनेच सेमीफायनलमध्ये पेनल्टी शूटआउटवर बाहेर काढलं. दोन्ही वेळा विजेता होता बांगलादेश. घरातली मक्तेदारी संपली.

या खेळाडू येतात कुठून?

या प्रश्नाचं पहिलं उत्तर आहे मणिपूर. या छोट्याशा राज्याने वरिष्ठ महिलांची राष्ट्रीय स्पर्धा वीसहून अधिक वेळा जिंकली आहे. मराठी वाचकांसाठी एक खास गोष्ट: या राष्ट्रीय स्पर्धेच्या करंडकाचं नाव आता 'राजमाता जिजाबाई ट्रॉफी' असं आहे.

मणिपूरच्या ओइनाम बेंबेम देवीने १९९५ मध्ये भारताकडून पदार्पण केलं आणि दोन दशकं मधली फळी सांभाळली. तिला २०१७ मध्ये अर्जुन पुरस्कार आणि २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. तिच्या मागून आली नगांगोम बाला देवी, भारताकडून सर्वाधिक गोल करणारी महिला खेळाडू. २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबने तिच्याशी करार केला. बचावपटू आशालता देवी १०० आंतरराष्ट्रीय सामने खेळणारी पहिली भारतीय महिला ठरली, २०२४ मध्ये.

पण आता नकाशा मोठा झालाय. हरियाणात भिवानी जिल्ह्यातलं अलखपुरा हे गाव मुलींच्या फुटबॉलसाठीच ओळखलं जातं. ओडिशाची प्यारी झाझा, तेलंगणाची सौम्या गुगुलोथ, पंजाबची मनीषा कल्याण अशी नावं गेल्या काही वर्षांत पुढे आली. मनीषा २०२२ मध्ये सायप्रसच्या अपोलॉन क्लबकडून खेळली आणि युरोपच्या महिला चॅम्पियन्स लीगमध्ये उतरणारी पहिली भारतीय ठरली. त्याआधी गोलरक्षक अदिती चौहान इंग्लंडमध्ये वेस्ट हॅम युनायटेडच्या महिला संघाकडून खेळली होती.

नवी मुंबईत काय झालं होतं?

२०२२ ची आशिया चषक स्पर्धा भारतात, आणि भारतातही महाराष्ट्रात झाली. सामने अंधेरीचं मुंबई फुटबॉल अरेना, नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम आणि पुण्यातलं बालेवाडी या तीन ठिकाणी होते. यजमान म्हणून भारताला थेट प्रवेश होता.

या वेळी तयारी खरोखर झाली होती. स्वीडनचे थॉमस डेनरबी प्रशिक्षक होते. संघ युएई, बहरीन आणि स्वीडनला जाऊन खेळून आला होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये तर ब्राझीलमधल्या मानाउसला जाऊन थेट ब्राझीलशी सामना झाला. तो महान खेळाडू फोर्मिगाचा निरोपाचा सामना होता. भारत १-६ ने हरला, पण सुरुवातीलाच मनीषाने गोल करून १-१ अशी बरोबरी साधली होती. पुढे चिली (०-३) आणि व्हेनेझुएला (१-२) यांच्याशी फरक कमी कमी होत गेला.

मग आला जानेवारी २०२२. २० तारखेला इराणशी पहिला सामना ०-० असा बरोबरीत सुटला. २३ तारखेला चायनीज तैपेईविरुद्ध सामना होता. पण भारताच्या बारा खेळाडूंना कोरोनाची लागण झाली. नियमाप्रमाणे किमान १३ खेळाडू लागतात, तेवढे उभे करता आले नाहीत. सामना झाला नाही आणि नियमानुसार भारताने स्पर्धेतून माघार घेतली असं धरलं गेलं. इराणविरुद्धचा निकालही रद्द झाला.

नुकसान किती मोठं होतं? बारा संघांतून आठ क्वार्टरफायनलला जाणार होते, म्हणजे तिसऱ्या क्रमांकावरच्या दोन संघांनाही संधी होती. आणि तिथून २०२३ च्या वर्ल्ड कपचा रस्ता खुला होता. घरच्या मैदानावर, इतक्या वर्षांतल्या सर्वात चांगल्या तयारीनंतर, भारताची स्पर्धा चार दिवसांत संपली. फायनल त्याच डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाली आणि चीनने दक्षिण कोरियाला ३-२ ने हरवलं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फिफाने एआयएफएफवर काही दिवसांची बंदी घातली. कारण प्रशासनातला बाहेरचा हस्तक्षेप. तेव्हा आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचलेल्या गोकुलम केरळच्या खेळाडूंना एकही सामना न खेळता परतावं लागलं. भांडण संघटनेच्या खुर्च्यांचं आणि सामने गेले खेळाडूंचे.

लीग आणि पगार: खरा प्रश्न इथे आहे

राष्ट्रीय संघ वर्षातून मोजकेच सामने खेळतो. बाकीचं वर्ष खेळाडू काय करते, यावर तिचा दर्जा ठरतो. भारतात महिलांची राष्ट्रीय लीग, म्हणजे इंडियन विमेन्स लीग, सुरू झाली थेट २०१६-१७ च्या हंगामात. पहिल्या वर्षी अंतिम फेरीत सहा संघ होते, सगळे सामने दिल्लीत आणि साधारण अडीच आठवड्यांत सगळं उरकलं. लग्नाचा सीझनसुद्धा यापेक्षा मोठा असतो.

२०२३-२४ पासून लीग घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर खेळवायला सुरुवात झाली. तेव्हा सात संघ होते, म्हणजे प्रत्येकाला १२ सामने. पुढच्या वर्षी आठ संघ, १४ सामने. इंग्लंडच्या बारा संघांच्या लीगमध्ये हाच आकडा २२ होता, शिवाय कप स्पर्धा वेगळ्या.

पैशाचंही तसंच. एआयएफएफने लीगमधल्या क्लबांना ठरावीक भारतीय खेळाडूंशी वर्षाला किमान ३.२ लाख रुपयांचा करार करायला सांगितलं. महिन्याला साधारण २६-२७ हजार रुपये. आधी काहीच हमी नव्हती, त्या मानाने हे मोठं पाऊल. पण गुडघा दुखावला तर पुढे काय, हा प्रश्न उरतोच. म्हणून पोलीस, रेल्वे किंवा निमलष्करी दलातली नोकरी आजही अनेकींसाठी खरा आधार आहे.

चियांग माई, जुलै २०२५

लीग थोडी लांबली, परदेशी सामने थोडे वाढले आणि त्याचा परिणाम दिसायला लागला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तुर्कस्तानातल्या स्पर्धेत भारताने एस्टोनियाला ४-३ ने हरवलं. युरोपातल्या राष्ट्रीय संघावर भारतीय महिलांचा हा पहिलाच विजय.

मग २०२५ मध्ये थायलंडच्या चियांग माईत आशिया चषकाची पात्रता फेरी झाली. प्रशिक्षक होते क्रिस्पिन छेत्री, कर्णधार स्वीटी देवी. गटातला फक्त पहिला संघ पुढे जाणार होता. भारताने मंगोलियाला १३-०, तिमोर-लेस्तेला ४-० आणि इराकला ५-० ने हरवलं. ५ जुलैला शेवटचा सामना यजमान थायलंडशी. थायलंड दोन वेळा वर्ल्ड कप खेळलेला देश, तेव्हा क्रमवारीत ४६ वा. भारत ७० वा.

बंगालमधल्या कल्याणीच्या संगीता बासफोरने २९ व्या मिनिटाला गोल केला. दुसऱ्या हाफच्या सुरुवातीला थायलंडने बरोबरी साधली. ७४ व्या मिनिटाला पुन्हा संगीताच. भारत २-१ ने जिंकला. यजमानपदाच्या जोरावर नाही, तर पात्रता फेरी जिंकून भारताने महिला आशिया चषकात जागा मिळवली, आणि हे पहिल्यांदाच घडलं. १९८३ च्या फायनलमध्ये ज्या थायलंडकडून हरलो, त्यालाच त्याच्या घरी हरवून.

पुढच्या क्रमवारीत भारत सात स्थानं वर चढून ६३ वर पोहोचला. त्याच वर्षी २० वर्षांखालील आणि १७ वर्षांखालील मुलींच्या संघांनीही आपापल्या आशियाई स्पर्धांची पात्रता मिळवली.

या संघाकडे कसं पाहायचं?

मार्च २०२६ च्या ऑस्ट्रेलियातल्या स्पर्धेसाठी भारत जपान, व्हिएतनाम आणि चायनीज तैपेईच्या गटात आला. या स्पर्धेतून २०२७ च्या ब्राझील वर्ल्ड कपसाठी आशियाला सहा थेट जागा, शिवाय दोन संघांना प्लेऑफची संधी. जपान २०११ चा जगज्जेता. २०२३ च्या ऑलिंपिक पात्रता फेरीत त्यानेच भारताला ७-० ने हरवलं होतं, तर व्हिएतनामने ३-१ ने. त्यामुळे चियांग माईचा विजय मोठा असला, तरी त्यानंतरचा जिना उंच आहे.

अशा वेळी सोशल मीडियावर दोन प्रकारच्या पोस्ट येतात. जिंकल्या की 'नारीशक्ती', हरल्या की '१४० कोटींच्या देशात अकरा जणी मिळत नाहीत का?' दोन्ही पोस्ट दुसऱ्या दिवशी विसरल्या जातात. आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तर इतिहासानेच दिलंय. अकरा जणी १९८० मध्येही मिळाल्या होत्या, १९९७ मध्येही आणि २०२५ मध्येही. मिळाले नाहीत ते सामने.

म्हणून या संघाचं कसं चाललंय हे बघायचं असेल, तर स्कोअरबोर्डच्या आधी कॅलेंडर बघा. मोठी स्पर्धा संपल्यानंतरच्या सहा महिन्यांत किती मैत्रीपूर्ण सामने ठरलेत, ते वरच्या संघांशी आहेत का, लीगमध्ये प्रत्येक संघाला किती सामने आहेत, करार किती महिन्यांचे आहेत. हे आकडे वाढत असतील, तर मोठ्या पराभवानेही घाबरायचं कारण नाही. आणि ते शून्याकडे जात असतील, तर काय होतं ते २००९ मध्ये आपण एकदा पाहिलेलं आहे.